सुविचाराचा पत्ता शोधताना: अवतरण खरं की नावावर खपवलेलं, हे कसं तपासायचं

एका स्मरणिकेच्या मलपृष्ठावर मी फ्रेंच लेखक व्हॉल्टेअरच्या नावाने एक वाक्य छापलं होतं: ‘तुमचं म्हणणं मला पटत नाही, पण ते मांडण्याच्या तुमच्या हक्कासाठी मी प्राणपणाने लढेन.’ प्रती वाटून झाल्यावर एका वाचकाचं पत्र आलं. त्यात एकच ओळ होती: ‘हे व्हॉल्टेअरने कुठे लिहिलं आहे?’ मला वाटलं, दहा मिनिटांत सांगता येईल. तीन आठवडे गेले, आणि उत्तर निघालं ते असं. व्हॉल्टेअर वारला १७७८ मध्ये. हे वाक्य पहिल्यांदा छापलं गेलं १९०६ मध्ये, इंग्रजीत, ‘द फ्रेंड्स ऑफ व्हॉल्टेअर’ या पुस्तकात. ते लिहिलं होतं एव्हलिन बिअॅट्रिस हॉल यांनी, एस. जी. टॅलेंटायर या टोपणनावाने. व्हॉल्टेअरची वृत्ती अशी होती, हे सांगण्यासाठी त्यांनी ते वाक्य स्वतः रचलं आणि अवतरणचिन्हांत घातलं. पुढे १९३९ मध्ये एका पत्रात त्यांनी ते शब्द आपलेच असल्याचं कबूलही केलं.

त्या तीन आठवड्यांतले निम्म्याहून जास्त दिवस मी चुकीच्या जागी शोधत होते. आज तेच काम बहुतेक वेळा एका संध्याकाळी होतं. ती पद्धत इथे टप्प्याटप्प्याने देते.

आधी जवळ काय हवं

- एक वही किंवा फाइल. शोधाची तारीख, कुठे शोधलं, कोणते शब्द टाकले, हे सगळं तिच्यात लिहायचं.
- इंटरनेट, आणि देवनागरीत नीट टंकता येईल असा कीबोर्ड.
- जुनी पुस्तकं आतल्या मजकुरासह शोधता येतील अशी ठिकाणं: गूगल बुक्स, इंटरनेट आर्काइव्ह, हाथीट्रस्ट. मराठीसाठी विकिस्रोत.
- ज्याचं वाक्य आहे असं म्हणतात, त्याचं समग्र वाङ्मय. छापील असो वा स्कॅन केलेलं, पण आवृत्ती कोणती ते माहीत हवं.
- संदर्भ विभाग असलेल्या ग्रंथालयाचं सभासदत्व. सगळं काही इंटरनेटवर नाही. मराठीचं तर नाहीच.

१. वाक्य मिळालं तसं उतरवून घ्या

सुधारायचं नाही, शुद्धलेखन बदलायचं नाही. कुठे मिळालं, कुणाच्या नावाने मिळालं, सोबत पुस्तक, भाषण, साल असं काही दिलं होतं का, तेही लिहा. मग त्याच वाक्याची आणखी चार-पाच रूपं गोळा करा. एकाच माणसाच्या नावावर एकच वाक्य पाच तऱ्हांनी फिरत असेल, तर मूळ पान कुणीच पाहिलेलं नसण्याची शक्यता मोठी. एकच वाक्य तीन वेगवेगळ्या थोरांच्या नावावर असेल, तर शंका आणखी वाढवा.

२. ‘कोण म्हणालं’ हे सोडा, ‘कुठे म्हणालं’ हे विचारा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल, तर हे ठेवा. अवतरणाला पत्ता असतो. पत्ता म्हणजे ग्रंथ किंवा भाषण किंवा पत्र, त्याचं साल, आवृत्ती आणि पान. नुसतं नाव म्हणजे पत्ता नव्हे. ‘गांधीजी म्हणाले’ हे पाकिटावर फक्त ‘पुणे’ लिहिण्यासारखं आहे.

पत्ता असलेलं वाक्य कसं दिसतं, याचा चांगला नमुना आपल्या घरातच आहे. ‘विद्येविना मति गेली, मतिविना नीति गेली, नीतिविना गति गेली, गतिविना वित्त गेले, वित्ताविना शूद्र खचले, इतके अनर्थ एका अविद्येने केले.’ लेखक जोतीराव फुले, ग्रंथ ‘शेतकऱ्याचा असूड’, साल १८८३, जागा उपोद्घात. कुणीही ग्रंथ उघडून पडताळून पाहावं. फलकांवर मात्र हीच ओळ कधी ‘शूद्र’ शब्द गाळून, कधी क्रम बदलून येते. खऱ्या वाक्याचंही मूळ रूप तपासावं लागतं ते यासाठीच.

पत्ता देण्याची जबाबदारी वाक्य उद्धृत करणाऱ्यावर आहे. ‘त्यांनी हे म्हटलं नाही, हे तुम्ही सिद्ध करा’ असं कुणी म्हटलं तर त्या वादात शिरू नका. एखाद्याने आयुष्यभरात अमुक वाक्य कधीच उच्चारलं नाही, हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. तुम्ही तपासताय ते एवढंच: असं म्हटल्याचा पुरावा आहे का, आणि तो किती जुना आहे.

३. तारखा आणि ठिकाणं जुळवा

हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात धारदार हत्यार. जन्म-मृत्यूची सालं, माणूस त्या दिवशी कुठे होता, कोणत्या पदावर होता, एवढं पाहिलं की बरीच वाक्यं इथेच गळून पडतात.

ब्रिटिश अधिकारी मेकॉलेचा तो प्रसिद्ध उतारा तुम्हालाही कुणी ना कुणी पाठवला असेल. ‘मी भारतभर उभा-आडवा फिरलो, मला एकही भिकारी किंवा चोर दिसला नाही’, आणि म्हणून या देशाचा कणा मोडण्यासाठी त्याची शिक्षणपद्धती बदला, अशा अर्थाचा. खाली लिहिलेलं असतं: ब्रिटिश संसदेतलं भाषण, २ फेब्रुवारी १८३५. मेकॉले १८३४ मध्येच भारतात येऊन दाखल झाला होता. त्या दिवशी तो लंडनच्या संसदेत नव्हता, कलकत्त्यात होता.

पण ती तारीख आली कुठून, हेही पाहायला हवं, कारण ती हवेतून आलेली नाही. २ फेब्रुवारी १८३५ ही मेकॉलेच्या शिक्षणविषयक टिपणाची खरी तारीख आहे. ते टिपण आजही पूर्ण वाचायला मिळतं. रक्ताने आणि रंगाने भारतीय, पण आवडीनिवडी, मतं, नीती आणि बुद्धी यांनी इंग्रज असा वर्ग घडवायचा, हे त्यात खरोखर आहे. भिकारी-चोरांचा उतारा त्यात नाही. बनावट वाक्याला खरी तारीख चिकटवली की ते चटकन खरं वाटतं. म्हणून तारीख दिसली की निर्धास्त होऊ नका, त्या तारखेचा कागद उघडा. मेकॉलेवर टीका करायची असेल तर त्याचे खरे शब्द पुरेसे कठोर आहेत, खोट्यांची गरजच नाही.

दुसरं उदाहरण फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचं. ‘भाकरी नाही तर केक खा’ हे तिच्या नावावर आहे. ही गोष्ट विचारवंत रूसोच्या आत्मकथनाच्या सहाव्या भागात येते. तिथे फक्त ‘एक थोर राजकन्या’ असा उल्लेख आहे, नाव नाही, आणि पदार्थ केक नसून ब्रिओश नावाचा पाव आहे. रूसोने हा भाग लिहिला तो साधारण १७६५ च्या सुमारास. मारी आंत्वानेतचा जन्म १७५५ चा, ती फ्रान्समध्ये आली १७७० मध्ये. म्हणजे रूसो लिहीत होता तेव्हा ती ऑस्ट्रियात वाढणारी लहान मुलगी होती.

आइन्स्टाइनच्या नावावरचं ‘तेच तेच पुन्हा करून वेगळ्या निकालाची अपेक्षा करणं म्हणजे वेडेपणा’ हे वाक्य छापील स्वरूपात सापडतं ते १९८० नंतरच्या काळात. आइन्स्टाइन वारले १९५५ मध्ये. मृत्यू आणि पहिला छापील उल्लेख यांच्यात इतकं अंतर असेल, तर मधल्या वर्षांत वाक्य कुठे होतं, याचं उत्तर मिळेपर्यंत ते त्यांच्या नावाने छापू नका.

४. कुणी आधीच शोधलंय का, ते पाहा

मी इथे सर्वांत जास्त वेळ वाया घालवला, कारण हा टप्पा मला माहीतच नव्हता. इंग्रजी विकिक्वोट या अवतरणांच्या मुक्त कोशात व्यक्तीच्या पानावर बहुतेक वेळा वेगळे विभाग असतात: संदर्भ मिळालेली, वादग्रस्त आणि चुकीने नावावर आलेली वाक्यं. थेट शेवटच्या दोन विभागांकडे जा. गार्सन ओ’टूल या टोपणनावाने लिहिणाऱ्या संशोधकाचं ‘क्वोट इन्व्हेस्टिगेटर’ हे संकेतस्थळ एकेका वाक्याचा प्रवास सालवार मांडतं. फ्रेड शॅपिरो यांनी संपादित केलेला ‘येल बुक ऑफ कोटेशन्स’ (२००६) हा कोश सर्वात जुना उल्लेख शोधण्यावर भर देतो.

ज्या सुविचारसंग्रहांत फक्त वाक्य आणि नाव असतं, ते पुरावा म्हणून मोजू नका. शंभर संकेतस्थळांवर एकच वाक्य असलं तरी ते शंभर साक्षीदार नव्हेत. एकाने लिहिलं आणि नव्याण्णवांनी उतरवलं, इतकंच.

५. सर्वात जुना छापील उल्लेख खणून काढा

इथे धीर लागतो. अख्खं वाक्य टाकून शोधू नका. वाक्यातले तीन-चार न बदलणारे शब्द निवडा, ते दुहेरी अवतरणचिन्हांत घाला आणि काळाची मर्यादा लावून मागे मागे जा. आधी २००० पूर्वीचं, मग १९५० पूर्वीचं, मग १९०० पूर्वीचं. वाक्य जितकं जुनं होत जातं तितकं बहुधा ओबडधोबड आणि लांब होत जातं. आज जे गुळगुळीत आहे ते अनेक तोंडांतून घासून निघालेलं असतं.

‘सज्जन गप्प बसले की दुर्जनांचा विजय होतो’ हे ब्रिटिश राजकारणी एडमंड बर्कच्या नावावर चालतं. बर्कने १७७० मध्ये जे लिहिलं त्याचा अर्थ असा: वाईट माणसं एकत्र येतात तेव्हा चांगल्यांनीही एकत्र यायला हवं, नाहीतर ते एकेक करून बळी पडतील. पुढे १८६७ मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या भाषणात तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल म्हणाला की चांगली माणसं नुसती बघत राहिली आणि काहीच केलं नाही, तर वाईटांना आपला हेतू साधायला आणखी काही लागत नाही. आजचं वाक्य मिलच्या जवळ आहे, नाव मात्र बर्कचं लागलं. हे वारंवार दिसेल: वाक्य कमी प्रसिद्ध तोंडातून निघतं आणि जास्त प्रसिद्ध नावाकडे सरकतं. अवतरणांचे अभ्यासक नायजेल रीस यांनी या सरकण्याला ‘चर्चिलियन ड्रिफ्ट’ असं नाव दिलं, कारण इंग्रजीत बेवारस चतुर वाक्यं चर्चिलच्या दारात जाऊन पडतात.

मराठीत शोधताना दोन अडचणी येतात, आणि त्या कुणी सांगत नाही.

पहिली, शुद्धलेखन. १९६२ मध्ये मराठी लेखनाचे नवे नियम मान्य झाले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘घरांत’, ‘तें’, ‘केलें’, ‘मतीं’ असं छापलेलं असतं. तुम्ही ‘घरात’ टाकलंत तर ‘घरांत’ सापडेलच असं नाही. म्हणून प्रत्येक शोध दोनदा करा, एकदा आजच्या लेखनात आणि एकदा अनुस्वार देऊन. ऱ्हस्व-दीर्घही दोन्ही तऱ्हांनी पाहा: नीति आणि नीती, मति आणि मती.

दुसरी, स्कॅनमधून यंत्राने वाचलेली अक्षरं. जुन्या देवनागरी छपाईत ‘ख’ चा ‘रव’ होतो, ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांची अदलाबदल होते. ही अक्षरं नसलेले शब्द शोधासाठी निवडले तर हाती जास्त लागतं.

आणि एक सापळा सगळ्याच भाषांत आहे. गूगल बुक्सवर नियतकालिकाच्या बांधीव खंडाला कधीकधी त्या नियतकालिकाच्या पहिल्या अंकाचं साल लागतं. वाक्य १९१० चं म्हणून तुम्ही हरखून जाता आणि प्रत्यक्ष अंक १९७४ चा निघतो. अशा वेळी पानाची जी चिंचोळी झलक दिसते, तिच्यात शीर्षकपान, जाहिरात किंवा एखाद्या घटनेचा उल्लेख दिसतो का ते पाहा. खात्री होत नसेल तर ते साल वहीत पेन्सिलीने लिहा.

भाषांतरित वाक्य असेल तर मूळ भाषेत जा. फ्रेंच लेखकाचं वाक्य फ्रेंचमध्ये कुठेच न सापडता सर्वात जुनं इंग्रजीत सापडत असेल, तर ती धोक्याची मोठी खूण आहे. व्हॉल्टेअरच्या बाबतीत मी हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

६. मूळ पान स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, आगेमागेसह

संदर्भ मिळाला म्हणजे काम संपलं असं नाही. निदान आधीचं एक पान आणि नंतरचं एक पान वाचाच.

‘जगात जो बदल पाहायचा आहे तो तुम्ही स्वतः व्हा’ हे गांधीजींचं म्हणून सगळीकडे आहे. त्यांच्या समग्र वाङ्मयात हे वाक्य या रूपात मिळत नाही. त्याच्या जवळचं जे सापडतं ते त्यांच्या दक्षिण आफ्रिकेतल्या ‘इंडियन ओपिनियन’ या साप्ताहिकात, १९१३ मध्ये, आरोग्यविषयक लेखमालेत, आणि तेही सर्पदंशावरच्या लेखात! माणूस हा जगाचं प्रतिबिंब आहे, आपण स्वतःला बदलू शकलो तर जगातल्या प्रवृत्तीही बदलतील, दुसरे काय करतात ते पाहत थांबायची गरज नाही, असा तिथला विचार आहे. साप माणसाशी कसा वागतो, या विवेचनाच्या ओघात तो येतो. मला तो उतारा भिंतीवरच्या वाक्यापेक्षा कितीतरी खोल वाटतो. आज चालणाऱ्या शब्दांशी मिळतीजुळती इंग्रजी रचना १९७४ मध्ये अर्लीन लॉरेन्स या अमेरिकी शिक्षिकेच्या लेखनात दिसते.

हाच उतारा पडताळायला जाल तेव्हा आणखी एक गोंधळ समोर येईल. गांधीजींच्या समग्र वाङ्मयाच्या मूळ छापील आवृत्तीत तो बाराव्या खंडात आहे, इलेक्ट्रॉनिक आवृत्तीत तेराव्या. खंड-पान लिहिताना आवृत्ती लिहिली नाही, तर तुमचा वाचक भलत्याच पानावर पोचेल आणि तुम्हालाच खोटं ठरवेल.

वाक्य कुणाच्या तोंडी आहे, तेही पाहा. नाटकातल्या खलपात्राचं वाक्य नाटककाराचं मत म्हणून फिरतं. लेखक विरोधकाचं म्हणणं खोडण्यासाठी आधी मांडतो, आणि नेमकं तेवढंच कुणीतरी कापून घेतं. कधी सुरुवातच कापलेली असते: ‘पैसा हे सर्व पापांचं मूळ’ असं बायबलच्या नावाने सांगतात, पण तिथे मूळ म्हटलं आहे ते पैशाच्या लोभाला.

७. संतवचनं तपासताना

‘तुका म्हणे’ असलं की आपण हात जोडतो. पण नाममुद्रा म्हणजे सही नव्हे. ती कुणालाही घालता येते, आणि शेकडो वर्षांत अनेकांनी भक्तिभावाने घातलीही. मागून शिरलेल्या अशा रचनांना अभ्यासक प्रक्षिप्त म्हणतात. म्हणून अभंग गाथेत आहे का, आणि कोणत्या गाथेत आहे, हे दोन्ही पाहा. शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली तयार होऊन इंदुप्रकाश छापखान्यात १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत छापलेली गाथा हस्तलिखितं ताडून, पाठभेद देऊन केलेली आहे. तिथून सुरुवात करावी. अभंगांचे क्रमांक प्रत्येक आवृत्तीत वेगळे असतात, म्हणून क्रमांकासोबत अभंगाचा पहिला चरणही लिहा.

शब्द कसे बदलतात ते पाहायचं असेल तर हा चरण घ्या. आपण म्हणतो, ‘भले तरी देऊ कासेची लंगोटी, नाठाळाचे माथी हाणू काठी.’ ‘मऊ मेणाहूनि आम्ही विष्णुदास’ या अभंगात गाथेचा पाठ आहे ‘भलें तरि देऊं गांडीची लंगोटी’, आणि पुढच्या चरणात काठी माथ्यावर ‘देऊं’ आहे, ‘हाणू’ नाही. पहिला बदल संकोचापोटी झाला असणार, हे उघड आहे. दुसऱ्याने मात्र अर्थच हलला. पूर्ण अभंगात ज्याला जे हवं ते आम्ही देऊ असं तुकोबा म्हणत आहेत, लंगोटीही देऊ आणि काठीही देऊ. ‘हाणू’ आलं आणि देण्याचा तो धागा तुटला. हे वाक्य अस्सल तुकोबांचं आहे, तरीही मूळ पाठ पाहावा लागतो.

८. निकाल लिहा, आणि जेवढा पुरावा तेवढाच लिहा

खरं किंवा खोटं, असे दोनच खण ठेवू नका. माझ्या वहीत मी असे शेरे देते:

- मूळ पाहिलं, शब्दशः जुळतं.
- मूळ पाहिलं, शब्द बदललेले आहेत. (मूळ शब्द सोबत.)
- विचार त्यांचा, वाक्य दुसऱ्याचं.
- त्यांनी म्हटलं, पण त्यांच्या आधीही म्हटलं गेलं होतं. न्यूटनचं ‘महाकायांच्या खांद्यावर उभं राहून’ हे रॉबर्ट हूकला लिहिलेल्या पत्रात खरोखर आहे, पण बाराव्या शतकात ही उपमा फ्रान्समधल्या शार्त्रचा तत्त्वज्ञ बर्नार्ड याची म्हणून नोंदलेली आहे.
- दुसऱ्याचं असल्याचं सिद्ध.
- मूळ सापडलं नाही. (कुठे कुठे शोधलं, कोणत्या तारखेपर्यंत.)

शेवटचा शेरा लिहायला लाजू नका. बहुतेक वाक्यं तिथेच थांबतात. छापायचंच असेल तर ‘यांच्या नावाने प्रचलित’ असं लिहा, किंवा नाव काढून नुसतं वाक्य द्या. वाक्य खरोखर चांगलं असेल तर ते नावाशिवायही उभं राहतं.

संशय घ्यायची सवय लागली की खरी वाक्यंही खोटी वाटू लागतात, याचीही काळजी घ्या. ‘कल्पनाशक्ती ज्ञानापेक्षा महत्त्वाची’ हे आइन्स्टाइनचं वाक्य मी फार गुळगुळीत म्हणून परस्पर बाद करणार होते. १९२९ च्या ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’मधल्या त्यांच्या मुलाखतीत ते आहे.

९. चूक कळवताना

कुटुंबाच्या किंवा मित्रांच्या समूहात सर्वांसमोर ‘हे खोटं आहे’ असं लिहिलं, तर वाक्य राहतं बाजूला आणि माणूस दुखावतो. ज्याने पाठवलं त्याला वेगळं कळवा आणि सोबत मूळ पानाचं छायाचित्र द्या. मोठ्या माणसांना मी साधारण असं लिहिते: ‘काका, तुम्ही पाठवलेलं वाक्य मला आवडलं म्हणून मूळ शोधलं. ते गांधीजींच्या एका लेखातून सुटं होऊन बदलत आलेलं दिसतं. मूळ उतारा सोबत पाठवते, वाचून बघा.’ काकांनी तो उतारा स्वतःहून समूहात टाकला, असं माझ्या बाबतीत दोनदा झालं आहे.

स्मरणिकेच्या पुढच्या अंकात मी दुरुस्ती छापली, हॉल यांचं नाव आणि १९०६ हे साल देऊन. पत्र लिहिणाऱ्या त्या वाचकाला एक प्रत टपालाने पाठवली.